भोक न पाडता

गेल्या सप्टेंबरात बाबा माझ्या कॅम्परच्या पायरीवरून पडले. फार लागलं नाही. उजव्या मनगटाला सूज, तीन आठवडे क्रेप बँडेज, आणि सांगलीला आईला फोनवर ‘हात जरा लचकलाय’ एवढंच सांगणं, यावर निभावलं. रात्री दोनला लघवीला उठले होते. शेवटची पायरी अजून एक आहे हे अंधारात पायाला कळलं नाही. तिथे दिवा असता तर पडले नसते. दिवा नव्हता, कारण तो लावायचा तर कॅम्परच्या भिंतीला भोक पाडावं लागलं असतं आणि मला भोक पाडायचं नव्हतं.

ट्रक कॅम्पर ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत पिकअप ट्रक पुष्कळ. त्यांच्या मागच्या उघड्या हौद्यात बसवायची एक छोटी खोली मिळते, तो ट्रक कॅम्पर. मागे ओढून न्यायचा ट्रेलर वेगळा. हा ट्रकच्या पाठीवर बसतो. त्याच्या चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. ते खाली टेकवले, ट्रकला बांधून ठेवणारे ताणाचे स्क्रू सैल केले, की खोली स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि ट्रक तिच्या खालून निघून जातो. माझा कॅम्पर तीन वर्षांपूर्वी डेन्व्हरमध्ये सेकंडहँड घेतलेला. आत लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये फोम, वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. दार मागच्या बाजूला. आतली जमीन हौद्याच्या उंचीवर, म्हणून उतरायला घडीच्या पायऱ्या. दाराशेजारी मूळचा एक दिवा आहे, पण दार पूर्ण उघडलं की तो नेमका दाराआड जातो आणि पायऱ्यांवर दाराचीच सावली पडते.

अशा कॅम्परला भोक पाडायला लोक घाबरतात ते उगाच नाही. स्क्रूच्या बाजूने पाण्याचा एक थेंब आत गेला तर तो तिथेच थांबत नाही. लाकडाच्या धाटेने वाहत जातो आणि भलतीकडेच मुरतो. आमच्याकडे कोलोरॅडोत हिवाळ्यात दिवसा बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. पाणी गोठताना आकारमानाने साधारण नऊ टक्के फुगतं, त्यामुळे फट दर रात्री थोडी रुंद होते. एक-दोन हिवाळ्यांनंतर भिंत बोटाने दाबली की आत जाते. तोवर आतलं लाकूड भुसा झालेलं असतं. मी हा कॅम्पर घेताना अर्धा तास प्रत्येक कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला होता. जुना कॅम्पर घेणारा कुणीही हेच करतो.

माझ्या न-पाडण्याला हे कारण होतं, पण हे एकमेव नव्हतं. मी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या धंद्यात परत फिरता येणं हा गुण मानला जातो. नवीन काही सोडायचं तर आधी ते मागे कसं घ्यायचं ते ठरवतात. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २०१५ सालासाठी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले होते: एकदा बाहेर पडलं की परत येता न येणारा दरवाजा, आणि दोन्हीकडून उघडणारा दरवाजा. पहिल्या प्रकारात सावकाश जा, दुसऱ्यात वेळ घालवू नका, असा त्याचा मथितार्थ. आमच्या पिढीच्या इंजिनिअरांनी त्यातून सोयीचा धडा घेतला: होता होईल तो प्रत्येक दरवाजा दुसऱ्या प्रकारचा करा.

व्हिसाही तेच शिकवतो. एच-वन-बी मूळ सहा वर्षांचा. नोकरी गेली तर साधारणपणे साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. साठ दिवसांत आवरता येईल एवढाच संसार करावा असं कुणी सांगत नाही, पण माणूस तसा होत जातो. माझ्या भाड्याच्या घरात चार वर्षांत एकही खिळा नाही. कॅलेंडर चिकटपट्टीवर, आरसा भिंतीला टेकवलेला, आजीचा फोटो पुस्तकांच्या कपाटात उभा. बाबा आले त्या दिवशी सगळ्या भिंतींवरून नजर फिरवून म्हणाले, “कालच राहायला आल्यागत दिसतंय गं.”

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. तीस वर्षं बसगाड्यांच्या बॉडीचं काम केलं. ताईच्या बाळंतपणामुळे आई येऊ शकली नाही, म्हणून ते एकटेच आले होते. पडल्यावर दुसऱ्या दिवशी चहा घेताना डाव्या हाताने पायरीकडे बोट दाखवत त्यांनी विषय काढला.

“दाराच्या वर एक दिवा लावून टाक. दोन स्क्रूचं काम आहे.”

“बाबा, भोक पाडलं की पाणी शिरतं.”

“मग नीट पाड. वॉशर घाल, सील कर. आम्ही काय गाड्या चिकटवत होतो काय?”

मी हसले आणि घरी येऊन टेप मागवली.

ही साधी चिकटपट्टी नव्हे. ॲक्रिलिक फोमची दोन्हीकडून चिकटणारी टेप. थ्रीएमने १९८० साली आणलेली व्हीएचबी ही त्यातली सर्वांना माहीत असलेली. मोठ्या वाहनांचे पत्रे, इमारतींचे पॅनेल, रस्त्यावरच्या पाट्या अशा टेपने बसवतात, त्यामुळे ‘टेप म्हणजे जुगाड’ हा समज चुकीचा आहे. तिच्या माहितीपत्रकात हिशोबही दिलेला असतो: स्थिर वजनाला किलोमागे साधारण ५५ चौरस सेंटिमीटर टेप. माझा एलईडी दिवा ब्रॅकेटसकट तीनशे ग्रॅमचा. म्हणजे सतरा चौरस सेंटिमीटर पुरे. मी तीस लावली. दुपटीच्या जवळपास. गणित करून केलेल्या कामाचं जे समाधान असतं ते मला पुरेपूर मिळालं.

माहितीपत्रकाचा बाकीचा भाग मी नंतर वाचला. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन पुसायचा. मी स्वयंपाकघरातल्या फवाऱ्याने पुसला. कडाक्याच्या थंडीत लावायची नाही. मी ऑक्टोबरातल्या संध्याकाळी, पाच अंश सेल्सिअसमध्ये, पार्किंगमध्ये बोटं चोळत लावली. खोलीच्या तापमानाला वीस मिनिटांत पन्नास टक्के पकड येते, चोवीस तासांत नव्वद आणि बहात्तर तासांत पूर्ण. मी गुरुवारी रात्री लावली आणि आम्ही शनिवारी पहाटे निघालो. मुख्य म्हणजे तो ५५ चौरस सेंटिमीटरचा आकडा स्थिर वजनासाठी होता. उभ्या वस्तूचं गणित मी ताशी पासष्ट मैलांनी पळणाऱ्या वस्तूला लावलं होतं.

आम्ही निघालो होतो युटामधल्या नॅचरल ब्रिजेसला. डेन्व्हरहून आय-सेव्हंटीने पश्चिमेला. व्हेल पासला, ३२०० मीटरहून जास्त उंचीवर, थांबलो तेव्हा बाबांनी कॅम्परचा मागून फोटो काढला. त्यात दिवा आहे. तिथून घाट उतरून ग्लेनवुड कॅन्यनमधून, कोलोरॅडो नदीच्या कडेकडेने, ग्रँड जंक्शनला डिझेल भरायला उतरले तेव्हा दिवा नव्हता. पत्र्यावर टेपचा एक चौकोनही नव्हता. टेप सगळी दिव्याबरोबर गेली होती. जागा स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की तिथे कधी काही लावलं होतं असं कुणाला सांगूनही पटलं नसतं.

पहिला विचार आला तो मी जसाच्या तसा लिहिते, कारण या लेखाचं कारणच तो आहे. मला वाटलं: बरं झालं, निदान भोक तरी पाडलं नव्हतं.

दुसरा विचार यायला दहा-बारा सेकंद लागली असतील. कॅन्यनमध्ये आमच्या मागे बराच वेळ एक मोटरसायकलवाला होता. वळणांवर आरशात दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. मग कधीतरी दिसेनासा झाला. पुढे निघून गेला असेल, मागे राहिला असेल, कुठेतरी चहा-कॉफीला थांबला असेल. मला आठवेना.

तीनशे ग्रॅमची धातूची वस्तू, कडा असलेली, हायवेवर. मी पंपावरच उभी राहून हायवे पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, कितव्या मैलाजवळ? व्हेल पास ते ग्रँड जंक्शन म्हणजे दीडशेहून जास्त मैल. मी तेवढंच सांगू शकले. त्यांनी नोंद करून घेतली, कळवल्याबद्दल आभार मानले. पुढचे दोन दिवस नेटवर्क मिळेल तिथे मी त्या पट्ट्यातल्या अपघातांच्या बातम्या शोधत होते. काही सापडलं नाही.

बाबा म्हणाले, “कुणाला लागलं नसेल. लागलं असतं तर कळलं असतं.”

“कसं कळलं असतं?”

त्यावर ते काही बोलले नाहीत.

अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेल आणि ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली एका चर्चेत ‘मॉरल लक’, म्हणजे नैतिक नशीब, या कल्पनेवर लेख वाचले. त्यात नेगेल यांचं एक उदाहरण नेमकं ट्रकवाल्याचं आहे. त्याने ब्रेक तपासून घ्यायचे राहून गेलेत. एके दिवशी अचानक मूल रस्त्यात येतं, ब्रेक वेळेवर लागत नाहीत आणि मूल दगावतं. हा माणूस उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत राहील, जगही देईल. आता दुसरा ट्रकवाला घ्या. त्यानेही ब्रेक तपासलेले नाहीत, पण त्याच्या रस्त्यात मूल आलंच नाही. तो घरी जाऊन जेवतो. हलगर्जीपणा दोघांचा तितकाच. मग दोष कमी-जास्त का? दोष फक्त आपल्या हातातल्या गोष्टींचा असावा असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो मूल आलं की नाही यावर ठरतो.

हे उदाहरण मी कॉलेजात असताना कुठेतरी वाचलं होतं आणि कोडं म्हणून आवडलं होतं. कोड्यात आपण दोन्ही ट्रकवाल्यांकडे वरून बघतो. मला ग्रँड जंक्शनला कळलं की तिसराही एक ट्रकवाला असतो, ज्याला आपण पहिला की दुसरा हेच माहीत नसतं. शक्यता हजारात नऊशे नव्व्याण्णव दुसरा असण्याची. तो दिवा बहुधा रस्त्याकडेच्या खडीत पडला असेल. पण ‘बहुधा’ हा शब्द मी वापरतेय, मागून येणाऱ्याने नाही. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

इथे मला माझ्या ‘भोक न पाडण्याच्या’ तत्त्वाचं खरं रूप दिसलं. मी त्याला काळजी समजत होते. वस्तूला इजा करायची नाही, खूण ठेवायची नाही, पुढच्या माणसाला जशीच्या तशी मिळू द्यायची. अमेरिकेतल्या रानात हिंडणाऱ्यांची ‘लीव्ह नो ट्रेस’ नावाची सात तत्त्वं आहेत. त्यातलं मागे खूण न सोडणं मला फार पटतं, आणि चूल कुठे पेटवावी, कचरा कसा परत न्यावा यासाठी ते योग्यच आहे. पण खूण न राहणं आणि इजा न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या पत्र्यावर खूण राहिली नाही याचं कारण एवढंच, की जे काही व्हायचं ते माझ्या पत्र्यापासून दूर, कुणा दुसऱ्याच्या वाट्याला जाणार होतं.

भोक पाडलं असतं आणि ते बिघडलं असतं तर काय झालं असतं? माझी भिंत कुजली असती. म्हणजे चुकीची किंमत माझ्याकडे आली असती. टेपची चूक मागच्या गाडीवर गेली. मी पत्करलेला ‘परत फिरता येणारा’ मार्ग फक्त माझ्यासाठी परत फिरता येणारा होता. मोटरसायकलवाल्यासाठी त्यात तसलं काहीही नव्हतं. आणि बाबांच्या मनगटासाठीही नव्हतं. दिवा न लावता मी सगळे पर्याय मोकळे ठेवले असं मला वाटत होतं, पण अंधारात पायरी शोधणारा पाय त्यातला कुठलाच पर्याय वापरत नव्हता.

कुणी म्हणेल, मग पाडावं भोक, त्यात एवढं तत्त्वज्ञान कशाला? पण तेही इतकं सरळ नाही. माझी भिंत कुजली तर किंमत माझ्याकडे येते, हे फक्त मी कॅम्पर माझ्याकडे ठेवला तरच खरं. पाच वर्षांनी मी तो विकणार. तोवर आतलं लाकूड कुजायला लागलेलं असेल, पण बोटाला कळण्याइतकं नसेल. घेणारा अंगठ्याने दाबून बघेल, समाधान होईल, पैसे मोजेल. दोन वर्षांनी त्याची भिंत आत जाईल. म्हणजे भोकाची किंमतही एका अनोळखी माणसाकडेच जाते, फक्त सावकाश आणि कागदपत्रांसहित. टेपच्या वाटेने जाणारी हानी जलद आणि कदाचित जिवावरची. भोकाच्या वाटेने जाणारी मंद आणि पैशातली. या दोन अनोळखी माणसांत निवड करायची तर मी दुसऱ्याची निवडीन, कारण कुजलेली भिंत बदलता येते. पण निवड ‘इजा’ आणि ‘इजा नाही’ यांत नव्हती. ती कुणाला इजा होऊ शकेल यात होती, आणि मी ती न बघता केली होती.

हे लक्षात आल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. तिचा दिव्याशी संबंध नाही, पण ती टाळून हा लेख लिहिणं अप्रामाणिक होईल. पुण्यात एक जण होता. दोन वर्षं आम्ही फोनवर बोलत होतो, मी सुट्टीत जायचे तेव्हा भेटत होतो. त्याने दोनदा स्पष्ट विचारलं. मी दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणाले. खोटं बोलत नव्हते. व्हिसाचं काय होईल, नोकरीचं काय होईल, तो इकडे येईल का, मी तिकडे जाईन का, काहीच ठरलेलं नव्हतं. ‘बघू’ने कुणाचं काही बिघडत नाही, उद्या हो म्हणता येईल किंवा नाही, असं मी धरून चालले. गेल्या वर्षी तो थांबला. भांडलाही नाही. मी मनात म्हटलं, निदान कुणी कुणाला दुखावलं नाही.

तो विचार आणि पंपावरचा तो पहिला विचार एकाच साच्यातले आहेत. माझ्या बाजूला खूण नव्हती म्हणून मी हिशोब पूर्ण झाला असं धरलं. त्याची दोन वर्षं गेली होती. माझा ‘बघू’ मी कधीही मागे घेऊ शकत होते. त्याची दोन वर्षं कुणीच मागे घेऊ शकत नव्हतं. मी त्याला हो म्हणायला हवं होतं असं मी म्हणत नाही. नाही म्हणायला हवं होतं, असंही असेल. ते एक भोक पडलं असतं, दोघांनाही दिसलं असतं, आणि त्याला त्याच्या भिंतीचं काय करायचं ते वेळेत ठरवता आलं असतं.

नॅचरल ब्रिजेसला आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता. २००७ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळालेली ही जागा. आसपास शहर नाही. रात्री बाबा उठले तेव्हा मीही उठले. त्यांचा डावा हात धरून मोजत उतरवलं: एक, दोन, तीन, चार. खाली उतरल्यावर त्यांनी वर बघितलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. “तुझा दिवा असता तर हे दिसलं नसतं,” म्हणाले. मग थोड्या वेळाने: “पण दर वेळी तू हात धरायला कुठं असणार?”

दिव्यालाही एक अनोळखी माणूस असतो हे मला तिथे समजलं. शेजारच्या जागेवर कुणीतरी दुर्बीण लावून बसलं होतं. मी घेतलेला मूळ दिवा पांढरा होता आणि समोर सरळ प्रकाश फेकणारा. तो असता तर त्या माणसाची रात्र मी घालवली असती, आणि बटण बंद केलं की तीही खूण न ठेवता.

घरी परतल्यावर एका उबदार रविवारी आम्ही पुन्हा कॅम्परच्या मागे उभे राहिलो. बाबांचं मनगट बरं झालं होतं. मी त्यांना पाण्याचं, लाकडाचं, गोठण्याचं सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, “मला काय सांगतेस? पावसाळ्यात गळणाऱ्या एसटीच्या शिव्या आम्हीच खाल्ल्यात.” मग शिडी मागितली, दाराच्या वर हात फिरवला आणि विचारलं, “हे तीन लाल दिवे कसले?”

अमेरिकेत ८० इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर किंवा त्याहून रुंद वाहनाला मागे वरच्या बाजूला मध्यभागी तीन लाल दिवे लागतात. रुंद गाडी पुढे आहे हे मागच्याला रात्री दुरून कळावं म्हणून. माझ्या कॅम्परवर ते नेमके दाराच्या वर आहेत. दररोज बघत होते. बाबांनी मधल्या दिव्याचे दोन स्क्रू काढले. खाली बनवणाऱ्यानेच पाडलेली तीन भोकं: दोन स्क्रूची, एक वायरीचं.

“ही आहेत की भोकं. नवीन कशाला पाडायची?”

दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी आम्ही वाकवून घेतली. तिचं वरचं टोक त्या लाल दिव्याच्या खाली, त्याच दोन स्क्रूंमध्ये दाबून बसवलं, खालच्या टोकाला नवा दिवा. जुना वाळलेला सीलंट खरवडून काढला आणि नवी ब्युटाइल टेप लावली, जी चिकटवण्यासाठी नाही, पाणी अडवण्यासाठी असते. स्क्रू एका नंबरने लांब घेतले. वीज मात्र लाल दिव्याची घेतली नाही. ते दिवे ट्रकच्या पार्किंग लाइटबरोबर लागतात. त्यावर जोडला असता तर हायवेवर मागच्या माणसाच्या डोळ्यांवर माझा पायरीचा दिवा सतत पेटलेला राहिला असता. म्हणून वेगळी वायर जुन्याच भोकातून आत घेतली, दाराजवळ बटण बसवलं आणि कॅम्परच्या स्वतःच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला फ्यूज घालून जोडली. दिवा पिवळसर, वर टोपी असलेला, फक्त खाली पायऱ्यांवर पडणारा. सगळं झाल्यावर बाबांनी एक बारीक स्टीलची तार पट्टीतून ओवून लाल दिव्याच्या मागे अडकवली. निखळलाच तर लोंबकळेल, पडणार नाही.

मी विचारलं, “स्क्रूवर विश्वास नाही होय?”

“स्क्रू सैल झाला की आधी वाजतो,” ते म्हणाले. “खडखड व्हायला लागली की ड्रायव्हर वर्कशॉपला सांगतो. तुझी टेप काही वाजत नाही. ती एकदम जाते.”

या वाक्याने मला नेगेल यांच्या कोड्यापेक्षा जास्त कामाचं काही दिलं. दोन्ही ट्रकवाल्यांत फरक नशिबाचा होता हे खरं, पण त्या नशिबापर्यंत जायच्या आधी दोघांनाही ब्रेकचा आवाज ऐकता आला असता. परिणाम आपल्या हातात नसतो म्हणून जबाबदारी संपत नाही. ती थोडी अलीकडे सरकते, तपासण्यापाशी येते. टेप लावताना मी गणित केलं ते सुद्धा पुन्हा बघावं लागू नये म्हणून. एकदा आकडा बरोबर आला की विषय संपला. परत फिरता येईल अशा गोष्टींचं आकर्षण मला वाटतं याच जातीचं आहे. त्यांच्याकडे पुन्हा वळून बघायची गरज नाही असं वाटतं. चुकलं तर काढून टाकू. आणि काढून टाकायची वेळ आली तेव्हा ती वस्तू माझ्याजवळ नव्हतीच.

मी अजूनही भोक पाडायला घाबरते. त्यात मला लाज वाटत नाही. दुसऱ्याच्या भिंतीला, दुसऱ्याच्या आयुष्याला, जमिनीला, रात्रीला जपून हात लावावा असंच मला वाटतं. पण आता ‘हे मागे घेता येईल का?’ या प्रश्नापुढे मी आणखी एक प्रश्न जोडते: कुणाला? माझ्याशिवाय आणखी कुणालाही ते मागे घेता येणार नसेल, तर तो दरवाजा दोन्हीकडून उघडणारा नाही. मी फक्त उघडणाऱ्या बाजूला उभी आहे.

बाबा डिसेंबरात परत गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी आजीचा फोटो कपाटातून काढून हातात घेतला, भिंतीकडे बघितलं, आणि परत ठेवला. बोलले काहीच नाहीत. मी भाडेकरार काढून वाचला. छोट्या खिळ्यांना बंदी नाही असं त्यात चार वर्षांपासून लिहिलेलं होतं.

लांबच्या प्रवासात मी आता पहिल्या पन्नास मैलांवर थांबते, मागे जाते आणि दिवा हाताने हलवून बघते. बाबांची ही सवय. एसटी डेपोतून निघायच्या आधी ते चाकांचे नट असे हाताने बघायचे, स्वतःच घट्ट केलेले असले तरी. मी निघाल्याचा मेसेज टाकला की सांगलीहून त्यांचा फोन येतो. पोचलीस का, जेवलीस का, हे नंतर.

“हात लावून बघितलास का?”

“बघितला बाबा.”

“वाजत नाही ना?”

“नाही.”

“बरं. मग जा सावकाश.”